घरच्या ब्रॉडबँडची भाषा : खांबापासून मोबाइलपर्यंत

“नेट बंद आहे” एवढंच सांगितलं, तर तक्रार केंद्रावरून ठरलेलं उत्तर येतं : मोडेम बंद करून चालू करा. तेच “लॉस लाल आहे, शेजारी चालू आहे, परवापर्यंत पॉवर उणे २१ होती” असं सांगितलं, तर लाईनमनला शिडी आणि ड्रॉप वायर सोबत घेऊनच निघावं लागतं. हे शब्द पाठ करायची गरज नाही. कुठला शब्द तारेच्या वाटेवर कुठे बसतो ते कळलं, की बिघाड कोणत्या टप्प्यात आहे हे घरी बसून सांगता येतं. म्हणून खाली शब्द त्याच वाटेनं घेतले आहेत : आधी प्लॅनचा कागद, मग खांब, मग डबा, मग घरातलं वायफाय आणि त्यापलीकडचं नेट.

प्लॅनच्या कागदावर

एमबीपीएस म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट. मोबाइलवर फाइल उतरताना दिसतो तो आकडा मात्र बहुधा मेगाबाइटचा असतो, आणि एक बाइट म्हणजे ८ बिट. त्यामुळे ४० एमबीपीएसच्या प्लॅनवर डाउनलोडचा आकडा ५ च्या आसपास दिसला तर कोणी फसवलेलं नाही. १ जीबीची फाइल त्या वेगानं साडेतीन मिनिटांत यायला हवी. पंधरा मिनिटं लागत असतील तर मग शोध सुरू करा.

कागदावर “अप टू” लिहिलेलं असतं, म्हणजे तो वेगाचा माथा आहे, हमी नव्हे. गावातली सगळी घरं मिळून तालुक्याकडे जाणारी एकच वाट वापरतात. रात्री आठ ते दहा सगळीकडे टीव्ही आणि रील्स सुरू झाल्या, की ही वाट भरते. सकाळी सहाला पूर्ण वेग आणि रात्री नऊला निम्मा, हे रोजचंच असेल तर दोष तुमच्या घरात नाही, ऑपरेटरनं वर कमी क्षमता घेतली आहे.

अपलोडचा आकडा कोणी विचारत नाही, आणि नंतर कॅमेरे बसवले की पस्तावतो. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा बाहेरून बघताना साधारण १ ते २ एमबीपीएस अपलोड खातो. कापूस घरात भरलेला असताना चार कॅमेरे सतत क्लाउडवर चढवायचे, तर ८ एमबीपीएस तिथेच गेले. व्हिडिओ कॉल, ऑनलाइन वर्ग, कागदपत्रं चढवायचं काम घरून होत असेल तर डाउनलोड आणि अपलोड सारखा असलेला प्लॅन मागा.

एफयूपी म्हणजे ठरलेला डेटा संपल्यावर वेग खाली आणण्याचा नियम. “अनलिमिटेड” शब्दाच्या खाली बारीक अक्षरात तो असतोच. हिशेब करून बघा : एचडी व्हिडिओला सुमारे ५ एमबीपीएस लागतात, म्हणजे तासाला सव्वादोन जीबी. रोज चार तास टीव्ही म्हणजे महिन्याला २७० जीबी. बऱ्याच प्लॅनमध्ये ही मर्यादा ३,३०० जीबी असते. साधं कुटुंब तिथवर पोचतच नाही, तेव्हा केवळ जास्त डेटासाठी महागडा प्लॅन घेऊ नका. मर्यादेनंतर वेग किती राहतो, ते मात्र लिहून घ्या. सरकारी व्याख्येत ब्रॉडबँडसाठी किमान डाउनलोड वेग पूर्वी ५१२ केबीपीएस होता, जानेवारी २०२३ पासून तो २ एमबीपीएस आहे. पाच माणसांच्या घराला ४० ते ५० एमबीपीएस पुरतात. दोन टीव्हींवर फोर-के चालत असेल तरच वर जा.

आणि जाहिरातीतला भाव जीएसटीशिवाय असतो. १८ टक्के धरून ४९९ चे ५८९ होतात.

खांबापासून घरापर्यंत

एफटीटीएच म्हणजे काचेची तार थेट घरात. ऑपरेटरच्या खोलीतून काचेत प्रकाश सोडणारं यंत्र म्हणजे ओएलटी. तिथून निघालेली एक काच वाटेत स्प्लिटरमधून ८, १६, ३२ घरांत वाटली जाते, आणि शेवटच्या खांबावरच्या डबीतून तुमच्याकडे येते ती ड्रॉप वायर. गावाबाहेरची मोठी वाट कधी खासगी ऑपरेटरची असते, कधी ग्रामपंचायतीपर्यंत आलेल्या सरकारी भारतनेट योजनेची.

“फायबर” म्हणून विकलेलं प्रत्येक कनेक्शन फायबरचं नसतं. काही ठिकाणी काच खांबावरच्या स्विचपर्यंतच येते आणि पुढे साधी लॅन केबल टाकतात. ओळख सोपी आहे. घरात आलेली तार सोलल्यावर आत आठ रंगीत तांब्याच्या तारा दिसल्या तर ती लॅन. चपटी काळी तार, आत स्टीलचा धागा आणि केसाएवढी काच असेल तर फायबर. लॅन केबल १०० मीटरपलीकडे भरवशाची नाही, आणि विजेच्या दिवसांत तीच खांबावरचा झटका घरात आणते.

आता पॉवर. लाईनमन “पॉवर बघतो” म्हणतो तेव्हा तो विजेबद्दल बोलत नाही, काचेतून तुमच्या डब्यापर्यंत किती प्रकाश पोचतो ते बघतो. हा प्रकाश डीबीएममध्ये मोजतात आणि घरापाशी आकडा नेहमी उणे असतो. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो, १० डीबीला दहावा हिस्सा उरतो. उदाहरण घ्या : ओएलटीतून अधिक ३ नं प्रकाश निघाला. ८ किलोमीटर काचेत सुमारे अडीच डीबी गेले. आठ वाटांचे दोन स्प्लिटर, प्रत्येकी साधारण साडेदहा, म्हणजे २१ गेले. जोड आणि कनेक्टरमध्ये दीड. तुमच्याकडे उरले उणे २२. हे उत्तम आहे. उणे १५ ते उणे २५ मध्ये असाल तर निश्चिंत राहा. उणे २७ च्या आसपास बहुतेक डबे हात टेकतात.

यातली मेख अशी की, उणे २६ वर नेट चालू असतं. फक्त रात्री तुटतं, पावसात तुटतं, मध्येच अडखळतं, आणि लाईनमन आला की नेमकं चालतं. अशा वेळी भाषा बदला : “भाऊ, चालू-बंद राहू द्या, पॉवर किती येऊन राहिली ते सांगा.” मीटरवरचा आकडा वहीत तारखेसह लिहा. कनेक्शन लागलं त्या दिवशीचा आकडा लिहिलेला असेल तर सोन्याहून पिवळं. तो उणे २१ होता आणि आज उणे २६ आहे, म्हणजे वाटेत कुठेतरी ५ डीबी गळतात हे वादाशिवाय सिद्ध होतं.

गळतात कुठे? घरात असेल तर वळणात. दाराच्या फटीत चेपलेली, खिळ्यावर गच्च गुंडाळलेली पिवळी पॅचकॉर्ड (डब्यात खोचलेली बारीक काचेची तार) प्रकाश बाहेर सांडते. वेटोळं बांगडीपेक्षा लहान करू नका. दुसरी जागा कनेक्टर. हिरव्या कनेक्टरचं टोक ८ अंशांत तिरपं घासलेलं असतं, निळ्याचं तसं नसतं. हिरवं निळ्यात घातलं तर बसतं, पण प्रकाश गळतो आणि टोक खराब होतं. टोकाला बोट लावू नका, फुंकर मारू नका आणि डोळ्यासमोर धरून आत बघू नका. तो प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण असतो.

घराबाहेरची कारणं आपल्याकडची ठरलेली आहेत. कापसानं चढवून भरलेली गाडी गल्लीतून जाताना खाली लोंबणारी ड्रॉप वायर ओढून नेते. उन्हाळवाहीच्या आधी धुऱ्यावर पऱ्हाटी आणि तुराटी पेटवली, की वरून गेलेली केबल वितळते. नळयोजनेच्या खोदकामात जेसीबी लागतो. कोठ्यातल्या आढ्यावरून तार नेली असेल तर उंदीर, आणि कवेलूंवरून नेली असेल तर वानरं. ड्रॉप वायर टाकतानाच ती रस्त्यावर उंच बांधून घ्या, कोठ्यातून न्यायचीच असेल तर पाइपातून न्या, आणि घराजवळ दोन-तीन मीटर जादा तार मोठ्या वेटोळ्यात ठेवायला सांगा. तुटली तर नवीन जोडाला ती कामी येते. तार महावितरणच्या खांबावर असेल तर स्वतः कधीही चढू नका.

डब्यावरचे दिवे

ज्याला सगळे मोडेम म्हणतात तो फायबरच्या घरात ओएनटी किंवा ओएनयू. तो प्रकाशाचं नेट करतो. राउटर त्या नेटची घरात वाटणी करतो. आजकाल दोन्ही एकाच डब्यात येतात.

पीओएन स्थिर हिरवा : ओएलटीशी गाठ पडली. पीओएन लुकलुकतो : प्रकाश येतो, पण नोंदणी होत नाही. प्रत्येक ओएनटीचा अनुक्रमांक ओएलटीत नोंदवावा लागतो, म्हणून बाजारातून जुना डबा आणून लावला तर तो नुसता लुकलुकत बसतो. लॉस लाल : प्रकाशच येत नाही किंवा अगदीच क्षीण येतो. नेट बंद पडलं की या क्रमानं बघा :

१. एकही दिवा नाही. अडॅप्टर बघा. डबा दर पाच-दहा मिनिटांनी आपोआप बंद-चालू होत असेल तरी पहिला संशय अडॅप्टरवरच घ्या. व्होल्टेजच्या चढउतारात तो आधी मरतो.

२. लॉस लाल. शेजारी विचारा. त्यांच्याकडेही लाल असेल तर मुख्य तार तुटली किंवा ऑपरेटरच्या खोलीतली बॅटरी संपली. गावातली लाईन, म्हणजे वीज, जाऊन बराच वेळ झाला असेल तर बहुधा हेच. फक्त तुमच्याकडे लाल असेल तर पॅचकॉर्डचं टोक नीट बसलं आहे का बघा, मग ड्रॉप वायर डोळ्यांनी खांबापर्यंत तपासा.

३. लॉस बंद, पीओएन स्थिर, पण इंटरनेटचा दिवा नाही. तार ठीक आहे, भानगड लॉगिनची आहे. पीपीपीओई म्हणजे डबा ऑपरेटरकडे नाव आणि पासवर्ड देऊन आत शिरतो ती पद्धत. प्लॅन संपला असेल तर दार उघडत नाही. लाईन गेल्यानंतर जुनं सत्र अडकून राहतं तेव्हा डबा दहा मिनिटं पूर्ण बंद ठेवा, दहा सेकंदांनी भागत नाही.

४. सगळे दिवे ठीक, तरी मोबाइलवर नेट नाही. लॅपटॉप लॅन केबलनं जोडा. त्यावर चालत असेल तर दोष वायफायचा.

यात एक करू नका : डब्याच्या मागच्या बारीक छिद्रात पिन घालून रिसेट. रीस्टार्ट वेगळं, रिसेट वेगळं. रिसेटनं पीपीपीओईचं नाव-पासवर्ड पुसलं जातं, आणि रविवारी ते पुन्हा भरून द्यायला कोणी येत नाही. कनेक्शन लागताना दोन्ही कागदावर लिहून घेतलेले बरे.

घरातलं वायफाय

अर्ध्याहून जास्त “नेट स्लो”च्या तक्रारी इथे अडकलेल्या असतात, आणि लोक मात्र प्लॅन वाढवतात.

वायफाय दोन पट्ट्यांत, म्हणजे बँडमध्ये चालतं. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो, भिंतीतून निघतो, पण हळू असतो. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण एका जाड भिंतीत दमतो. जुन्या घरांच्या दीड-दोन फुटी मातीच्या भिंतीपलीकडे ५ ची आशा धरू नका. टिनाचं छप्पर, लोखंडी कपाट, पाण्याची टाकी याही रेंज अडवतात. डब्यावर “एन ३००” लिहिलं असलं तरी तो २.४ चा कागदी आकडा आहे. एका अँटेनाच्या साध्या मोबाइलला त्यावर ४०-५० मिळाले तर खूप. १०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊन असा डबा ठेवला तर साठेक वाया जातात. १०० चा प्लॅन असेल तर ड्युअल बँड डबा मागा, आणि त्याला गिगाबिट लॅन पोर्ट आहेत का विचारा. १०० च्या पोर्टवर स्पीड टेस्ट ९४-९५ च्या वर जात नाही.

आता हातानं करायची कामं. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका (नाही उघडलं तर डब्याखालच्या चिठ्ठीवर पत्ता असतो) आणि आत जा. आधी आत शिरायचा ॲडमिन पासवर्ड बदला. मग एसएसआयडी, म्हणजे वायफायचं नाव, दोन्ही बँडना वेगळं द्या. टीव्ही ५ वर टाका, मागच्या खोलीतले फोन २.४ वर. २.४ चा चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी ज्यावर गर्दी कमी तो ठेवा, रुंदी २० मेगाहर्ट्झ. सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डाऐवजी बटण किंवा पिननं जोडायची सोय, बंद. याच स्टेटस पानावर “आरएक्स पॉवर” लिहिलेलं सापडलं तर तोच मघाचा उणे आकडा. लाईनमनची वाट न बघता तो रोज बघता येतो.

डबा दिवाणखान्याच्या कोपऱ्यात टीव्हीमागे दडवू नका. घराच्या मधोमध, छातीच्या उंचीवर ठेवा. दुसऱ्या खोलीसाठी राउटर जोडायचा तर केबलनं जोडा : नव्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, त्यातला डीएचसीपी, म्हणजे घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणारी सोय, बंद करा, आणि केबल दोन्हीकडे लॅन पोर्टलाच लावा. डीएचसीपी दोन्हीकडे चालू राहिला तर कधी चालतं, कधी नाही, असा खेळ सुरू होतो. केबल शुद्ध तांब्याची घ्या. स्वस्तातल्या केबलमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो आणि ती लांबवर दम धरत नाही. वावरातल्या घरापर्यंत न्यायचं असेल आणि अंतर १०० मीटरच्या वर असेल, तर लॅन केबलचा नाद सोडा. वेगळी काच टाका किंवा समोरासमोर दिसणारी दोन बाहेरची वायरलेस यंत्रं लावा.

लाईन जाते, ऊन तापतं, वीज पडते

ओएनटीच्या चिठ्ठीवर बहुधा १२ व्होल्ट, १ अँपिअर असतं. प्रत्यक्षात तो ६ ते १० वॅट खातो. मिनी यूपीएस घेताना व्होल्ट तोच आहे का, हे आधी बघा. “१०,००० एमएएच” या आकड्यावर भुलू नका. तो आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा आहे, म्हणजे एकूण ३७ वॉट-तास. ८ वॅटच्या डब्याला कागदावर साडेचार तास, प्रत्यक्षात साडेतीन-चार. घरी इन्व्हर्टर असेल तर डबा सरळ त्याच्या पॉइंटवर टाका.

बऱ्याच डब्यांचं काम ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी ठरवलेलं असतं. मे महिन्यात टिनाखाली त्याहून खूप जास्त होतं, आणि दुपारी दोनला नेट अडखळून संध्याकाळी सुरळीत होतं. भिंतीच्या खालच्या भागात, हवेशीर जागी उतरवा. उन्हाळ्यात छातीची उंची सोडलेली चालेल. सेट-टॉप बॉक्सवर तर ठेवूच नका.

वीज कडाडू लागली की अडॅप्टर सॉकेटमधून काढा, नुसतं बटण बंद करू नका. काचेतून विजेचा झटका येत नाही, पण ड्रॉप वायरमधला स्टीलचा धागा आणि बाहेरून आलेली लॅन केबल झटका आणू शकतात.

घराबाहेरचं नेट

पिंग म्हणजे निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत. प्रकाश काचेत सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणून नागपूर ते मुंबई तारेची वाट हजार किलोमीटर धरली तरी जाऊन-येऊन १० मिलिसेकंद होतात. २० ते ४० चांगलं. हा आकडा सतत खालीवर उड्या मारतो त्याला जिटर म्हणतात. कॉलमध्ये आवाज तुटतो तो यामुळे किंवा पॅकेट लॉसमुळे (निरोपाचे तुकडे वाटेत हरवल्यानं), वेग कमी म्हणून नव्हे.

डीएनएस साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देतो. व्हॉट्सॲप चालतं पण साइट उघडत नाहीत, तेव्हा डीएनएसमध्ये ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाकून बघा.

सीजीनॅट कॅमेरेवाल्यांनी समजून घ्यावा. नेटवरचे पत्ते, म्हणजे आयपी, अपुरे असल्यानं ऑपरेटर अनेक घरं एकाच बाहेरच्या आयपीमागे उभी करतो. डब्याच्या स्टेटस पानावर वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानं, किंवा १० नं सुरू होत असेल तर तुम्ही त्यातच आहात. मग डीव्हीआरला पोर्ट उघडून बाहेरून बघायचा खटाटोप फुकट जातो. कॅमेऱ्याच्या ॲपमधली क्यूआर कोडची पीटूपी सोय वापरा, ती चालते. नाहीच भागलं तर जास्त पैसे देऊन स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा स्वतःचा आयपी घ्या.

तार पोचतच नाही अशा वस्तीवर ५जी एअरफायबर हा पर्याय आहे. त्यात छतावरचं यंत्र टॉवरच्या रेंजवर जगतं. बसवायच्या आधी गच्चीवर त्याच कंपनीच्या ५जी मोबाइलनं रात्री नऊला वेग मोजा. स्थानिक ऑपरेटरची टॉवरवरून येणारी छोटी डिश असेल तर मध्ये झाड नको. हिवाळ्यात लागलेलं कनेक्शन पावसाळ्यात कडुनिंब भरला की मंदावतं.

तक्रार करताना

वेगाची तक्रार वायफायवर मोजून करू नका, ती टिकत नाही. लॅपटॉप केबलनं जोडा, बाकी सगळे फोन वायफायवरून काढा आणि सकाळी, दुपारी, रात्री नऊला मोजून स्क्रीनशॉट ठेवा. ट्रायचं (दूरसंचार नियामकाचं) मायस्पीड ॲपही आहे, पण मोबाइलवर ते वायफायसह मोजतं, तेव्हा डब्याशेजारी उभं राहून ५ गिगाहर्ट्झवर मोजा.

फोन केल्यावर डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, मागा. तोंडी “उद्या माणूस पाठवतो” याला पुढे काही किंमत राहत नाही. ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे तक्रार सुटली नाही किंवा मुदतीत उत्तर आलं नाही, तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि त्यानं ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. अपिलात डॉकेट नंबर, पॉवरचे तारीखवार आकडे आणि स्क्रीनशॉट जोडा. कनेक्शन सोडताना डबा परत केल्याची अनुक्रमांकासह पावती घ्या, आणि अनामत मिळेपर्यंत ती जपून ठेवा.